तक्त्यात न आलेल्या ओळी

पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात तक्ता आधीच तयार असतो. कोणी मोजलं, कधी मोजलं, कशासाठी मोजलं आणि काय मोजायचं राहून गेलं, हे विचारायला तिथे जागाच नसते. आकडे उतरवून घ्यायचे, सूत्रात घालायचे आणि आलेलं उत्तर शेवटच्या पानावरच्या उत्तराशी जुळवून बघायचं. मी संख्याशास्त्र असंच शिकले, आणि मला ते मनापासून आवडलंही. सूत्रांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एखादी सुबक सिद्धता वाचताना आजही तितकाच आनंद होतो. पण डेटाकडे बघायचं कसं, हे मला शिकवलं ते खरोखर घडलेल्या घटनांनी. त्यांत माणसं होती, घाई होती, वाद होते, आणि तक्ता जवळजवळ नेहमीच अपुरा होता.

अशा घटनांच्या अभ्यासाला आपण सरसकट केस स्टडी म्हणतो. त्यातल्या काही मी पुन्हा पुन्हा वाचते, त्यांचे आकडे पुन्हा पुन्हा मांडते. संख्याशास्त्र शिकू पाहणारं कुणी भेटलं की बोलण्याची सुरुवातही त्यांच्यापासूनच होते, आणि बहुधा चॅलेंजरपासून.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत उद्ध्वस्त झालं आणि आतले सातही अंतराळवीर मरण पावले. यानाच्या दोन्ही अंगांना घन इंधनाचे बूस्टर असत. ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असत, आणि त्या सांध्यांतून जळता वायू बाहेर फुटू नये म्हणून रबरी कडी बसवलेली असे. तिला ओ-रिंग म्हणतात. थंडीत रबर कडक होतं आणि सांधा किंचित उघडला तर फट बुजवायला हवं तितक्या चपळाईने हलत नाही. उड्डाणाच्या सकाळी तापमान ३१ अंश फॅरनहाइटच्या आसपास असेल असा अंदाज होता, म्हणजे गोठणबिंदूच्याही किंचित खाली. त्याआधीचं सगळ्यांत थंड उड्डाण ५३ अंशांना झालेलं होतं.

आदल्या रात्री बूस्टर बनवणारी कंपनी आणि नासा यांच्यात फोनवरून लांबलेली बैठक झाली. इतक्या थंडीत उडू नये, असं कंपनीच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं. तुमच्या आकड्यांवरून तसं ठामपणे सिद्ध होत नाही, असं नासाकडून त्यांना ऐकावं लागलं.

आकडे काय होते? आधीच्या उड्डाणांपैकी २३ उड्डाणांचे बूस्टर समुद्रातून परत मिळवून तपासलेले होते. त्यांतल्या ७ उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाल्याच्या खुणा सापडल्या होत्या. त्या ७ उड्डाणांच्या वेळची तापमानं अशी: ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७० आणि ७५. एवढेच ७ बिंदू कागदावर मांडून बघा. थंडीतही इजा दिसते, उबेतही दिसते. त्या रात्रीच्या वादात नेमकी हीच अडचण आली. ५३ अंशांच्या उड्डाणात गरम वायू ओ-रिंग ओलांडून गेला होता हे खरं, पण तसा तो ७५ अंशांच्या उड्डाणातही गेला होता. मग दोष थंडीचा, असं कशावरून म्हणायचं?

आता राहिलेली १६ उड्डाणंही त्याच कागदावर मांडा, ज्यांत ओ-रिंगला काहीही झालं नव्हतं. ती सगळीच्या सगळी ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानात झालेली होती. म्हणजे ६५ अंशांच्या खाली एकूण ४ उड्डाणं झाली आणि चारही वेळा इजा. वर १९ झाली आणि त्यांतल्या फक्त ३ वेळा. पहिल्या आलेखात कुठलाच कल दिसत नव्हता. दुसरा आलेख बघताना मात्र ३१ अंशांवर बोट ठेवायची हिंमत होत नाही.

अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगाने हीच गोष्ट अहवालात दाखवून दिली. पुढे १९८९ मध्ये दलाल, फाउल्क्स आणि होडली या संशोधकांनी या २३ उड्डाणांच्या डेटावर लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो-नाही अशा उत्तराची शक्यता काढणारी पद्धत, वापरून हिशेब केला. ३१ अंशांना सांध्यात घातक बिघाड होण्याची शक्यता निदान १३ टक्के निघाली. तापमान ६० पर्यंत चढेस्तोवर थांबलं असतं तर ती साधारण २ टक्क्यांवर आली असती. लॉजिस्टिक रिग्रेशन शिकवायला याहून चांगला डेटा मला माहीत नाही. ओळी इतक्या कमी की सगळा तक्ता एका नजरेत मावतो. उत्तर हो किंवा नाही, म्हणून सरळ रेषा का चालणार नाही हे आपोआप कळतं. आणि जिथे आजवर एकही निरीक्षण नाही अशा तापमानाबद्दल बोलायचं असल्यामुळे आपला अंदाज किती सैल आहे हेही लपवता येत नाही. ५३ पासून ३१ पर्यंतचं अंतर फक्त प्रतिमानाच्या, म्हणजे मॉडेलच्या, भरवशावर कापायचं असतं. १३ टक्के हा आकडा पाठ करण्यापेक्षा त्याच्या अवतीभवतीची अनिश्चितता किती रुंद आहे हे स्वतः काढून बघावं.

ही केस सांगताना काही जण म्हणतात की एक नीट आलेख काढला असता तर सात जीव वाचले असते. मला हे बोलणं पटत नाही. ते अभियंते थांबा म्हणून सांगतच होते. ओ-रिंगची काळजी त्यांना बरीच आधीपासून होती. काही तासांत जमेल तेवढे कागद जुळवून ते फॅक्सने पाठवत होते आणि समोर उड्डाणाचं वेळापत्रक उभं होतं. निर्णय फिरवला तो व्यवस्थापनाने. उत्तर माहीत झाल्यावर चाळीस वर्षांनी शांतपणे बसून आलेख काढणं सोपं आहे, आणि केस स्टडीतून शिकणाऱ्याने हे सोपेपण सतत ध्यानात ठेवायला हवं. तरीही त्या १६ ओळींमुळे एक सवय मला कायमची लागली. काही झालं नाही, ही नोंदसुद्धा डेटाच असते. आणि ती सहसा कुणी करत नाही. तक्रारींच्या यादीत तक्रार न करणारे नसतात, रुग्णालयाच्या नोंदींत घरीच बरे झालेले नसतात, यशस्वी कंपन्यांच्या अभ्यासात त्याच वाटेने जाऊन बुडालेल्या कंपन्या नसतात. कुठलीही फाइल उघडली की आत काय आहे याआधी कोण आत येऊ शकलं नाही, हा प्रश्न मी आधी लिहून काढते.

कधी ओळी नसतात, कधी रकाना नसतो. त्याची सगळ्यांत गाजलेली केस बर्कलीची.

१९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी आणि ४,३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. इतक्या मोठ्या संख्येत नऊ टक्क्यांचा फरक योगायोगाने पडत नाही. कोणतीही चाचणी लावा, पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, शून्याजवळच येणार. इथेच थांबलं तर निष्कर्ष ठरलेला आहे.

पण प्रवेश विद्यापीठ देत नव्हतं, विभाग देत होते. पीटर बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये विभागवार आकडे मांडले तेव्हा चित्रच बदललं. सहा मोठ्या विभागांचा हा डेटा आर या संगणकभाषेत आयताच मिळतो, त्यामुळे कुणालाही तो पाच मिनिटांत उघडता येईल. पहिल्या विभागात ६२ टक्के पुरुषांना आणि ८२ टक्के स्त्रियांना प्रवेश. शेवटच्या विभागात ६ टक्के पुरुष, ७ टक्के स्त्रिया. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण जास्त, उरलेल्या दोहोंत थोडंसं कमी. आणि सहाही विभाग एकत्र केले की पुरुष ४५ टक्के, स्त्रिया ३० टक्के. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. पहिल्यांदा ही बेरीज हाताने करून बघताना बेरीजच चुकलीये असं वाटत राहतं.

बेरीज चुकलेली नसते. जिथे प्रवेश सहज मिळत होता त्या पहिल्या दोन विभागांत पुरुषांचे २,६९१ पैकी १,३८५ अर्ज होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. स्त्रियांचे १,८३५ पैकी जेमतेम १३३. बाकीच्या स्त्रिया अशा विभागांत अर्ज करत होत्या जिथे कुणालाच सहजासहजी प्रवेश मिळत नव्हता.

बहुतेक ठिकाणी ही केस इथेच संपवतात: बघा, भेदभाव नव्हताच. मला मात्र वाटतं की तिचा महत्त्वाचा भाग इथून पुढे सुरू होतो. बिकेल आणि सहकाऱ्यांनी स्वतःच लेखाच्या अखेरीस म्हटलं आहे की स्त्रियांना लहानपणापासूनची जडणघडण आणि शिक्षण जास्त गर्दीच्या, कमी पैसा असलेल्या शाखांकडे ढकलत नेतं. म्हणजे प्रश्न मिटला नाही, प्रवेश समितीच्या टेबलावरून उठून शाळेच्या वर्गात गेला. विभागाचा रकाना जोडल्यावर एका प्रश्नाचं उत्तर बदललं, आणि त्याचबरोबर हेही दिसलं की आपण मुळात दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारत होतो. समिती पक्षपात करते का, हा एक. स्त्रियांना उच्च शिक्षणाची समान संधी आहे का, हा दुसरा. कोणता रकाना जोडावा आणि कोणता जोडू नये हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही, कारण ते प्रश्नावर ठरतं, आणि प्रश्न माणसाने ठरवायचा असतो.

'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाची १९३६ ची गोष्ट इतकी सांगून झाली आहे की थोडक्यात आटोपते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी त्यांनी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त भरून परत आल्या, आणि त्यांवरून लँडन जिंकणार असं भाकीत केलं. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड मताधिक्याने. पत्ते बऱ्याच अंशी टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींवरून घेतलेले होते, आणि मंदीच्या काळात त्या याद्यांत गरीब माणूस कमी. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे लोक न घेणाऱ्यांसारखे नव्हते. नमुना प्रचंड असला तरी एकांगीपणा धुऊन निघत नाही, हे हल्लीच्या अवाढव्य डेटाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

ज्या केसवर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे ती लंडनची, १८५४ च्या कॉलऱ्याची. कॉलरा पाण्यातून पसरतो असं मानणारा डॉक्टर जॉन स्नो, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, नकाशावर काढलेल्या मृत्यूच्या रेघा आणि मग पंपाचा काढून घेतलेला दांडा. ही कथा सगळ्यांना माहीत असते. पण पुरावा म्हणून बघितलं तर तिचा हा सगळ्यांत प्रसिद्ध भागच कच्चा आहे. दांडा काढला ८ सप्टेंबरला. तोवर लोक ती वस्ती सोडून पळाले होते आणि मृत्यू आधीच उतरणीला लागले होते. खुद्द स्नोनेच हे लिहून ठेवलं आहे, त्यामुळे साथ थांबण्याचं श्रेय त्याने त्या दांड्याला कधी ठामपणे दिलं नाही. आपल्याच बाजूने जाणारी गोष्ट आपणच तपासून अर्धवट बाजूला ठेवणं फार कमी लोकांना जमतं.

त्याचं खरं काम त्याच वर्षी टेम्स नदीच्या दक्षिणेला चाललं होतं. तिथल्या मोठ्या भागात दोन कंपन्या नळाने पाणी पुरवत. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराचं सांडपाणी मिसळलेल्या टेम्स नदीतून, बॅटरसीजवळून पाणी उचलायची. दुसऱ्या, लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली उचल नदीच्या वरच्या अंगाला, सांडपाण्यापासून दूर टेम्स डिटन इथे नेली होती. दोघींचे नळ एकाच रस्त्यावरून जात. एका घरात हिचं पाणी, शेजारच्या घरात तिचं. श्रीमंत-गरीब, लहान-मोठी घरं दोन्हीकडे मिसळलेली. स्नोच्या लक्षात आलं की तीन लाखांवर माणसं आपल्या मर्जीशिवाय, बहुतेकदा आपल्याला ठाऊकही नसताना, दोन गटांत वाटली गेली आहेत. यादृच्छिक प्रयोगाची रचना अजून कुणी मांडलेली नव्हती, आणि ती त्याला शहराच्या नळांमध्ये दिसली.

आता हवा होता डेटा, आणि तो कुठेच नव्हता. मृत्यूच्या नोंदीत पत्ता होता, पाण्याच्या कंपनीचं नाव नव्हतं. म्हणून स्नो घरोघर गेला. पाणीपट्टी बऱ्याचदा घरमालक भरायचा, त्यामुळे भाडेकरूला कंपनी सांगता येत नसे. त्यावर त्याने उपाय शोधला. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या पाण्यात मिठाचं प्रमाण लँबेथच्या पाण्यापेक्षा सुमारे चाळीस पट होतं. घरातलं थोडं पाणी बाटलीत घ्यायचं, सिल्व्हर नायट्रेट घालायचं, आणि किती साका धरतो त्यावरून कंपनी ओळखायची. ज्या घरात नुकतंच कुणी दगावलं आहे त्या घराच्या दारात उभं राहून हे करायचं.

साथीच्या पहिल्या चार आठवड्यांतल्या ३३४ मृत्यूंपैकी २८६ घरांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचं पाणी निघालं, १४ घरांत लँबेथचं. हे वाचून कुणीही टेबलावर हात आपटून निकाल दिला असता. स्नोने तसं केलं नाही, कारण साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलची घरंच जास्त होती. पहिल्या सात आठवड्यांचा जो तक्ता त्याने पुढे दिला त्यात भाजक आहे: साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलची ४०,०४६ घरं आणि १,२६३ मृत्यू, लँबेथची २६,१०७ घरं आणि ९८ मृत्यू. दर १०,००० घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. उरलेल्या लंडनमध्ये ५९. कॉलऱ्याचा जंतू कुणी मान्य करायच्या कितीतरी आधी, साथ दूषित हवेतून पसरते असं वैद्यकातले बहुसंख्य लोक मानत असताना, हा तक्ता तयार झाला. त्यात भागाकारापलीकडचं गणित नाही. तो इतका भक्कम आहे, कारण त्यातल्या प्रत्येक संख्येमागे कोण, कुठलं घर, कुठलं पाणी हे ठाऊक असलेला माणूस उभा आहे.

केस कशी अभ्यासावी याबद्दल माझं मत आता बरंच ठाम झालं आहे. गोष्टीचा शेवट आधी वाचू नये. आपण निकाल जाणून बसलो की प्रत्येक आलेखात तोच दिसू लागतो, आणि त्या वेळच्या माणसांची कोंडी आपल्याला कळतच नाही. चॅलेंजरची पहिली ७ तापमानं घेऊन बसावं आणि स्वतः निर्णय लिहावा, तारखेसकट. मग बाकीची १६ बघावीत. दुसरं, शिकणाऱ्यांना धुऊन-पुसून दिलेला डेटा फार काळ देऊ नये. रिकाम्या जागा, एकाच गावाची तीन स्पेलिंगं, वयाच्या रकान्यात आलेलं ९९९, हे सगळं त्यांनी बघायला हवं. ९९९ हे वय नसून 'माहीत नाही' यासाठी ठरवलेला आकडा आहे हे शोधून काढताना डेटा गोळा करणारा माणूस पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो. आणि तिसरं म्हणजे केस एकदाच करून सोडू नये. बर्कलीचा डेटा आधी टक्केवारीने बघावा, काही महिन्यांनी रिग्रेशनने, आणि कार्यकारणभावाच्या आकृत्या शिकल्यावर पुन्हा एकदा. डेटा तोच राहतो, आपले प्रश्न धारदार होतात.

जुन्याच केस सांगते म्हणून कुणी विचारतं, की आता मशीन लर्निंगच्या काळात याचा काय उपयोग. अशा वेळी मी २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पुढे ठेवते. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं एक अल्गोरिदम होतं. कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे ओळखून त्यांची नावं पुढे करायची, हे त्याचं काम. त्यात रुग्णाचा वंश हा रकाना नव्हताच. तरीही सारखेच गुणांक मिळालेल्या रुग्णांची तुलना केली तेव्हा कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णांपेक्षा बरेच जास्त आजारी निघाले.

कारण शोधायला संशोधकांनी प्रतिमान नक्की कशाचं भाकीत करतं ते तपासलं. ते आजाराचं भाकीत करत नव्हतं, पुढच्या काळात होणाऱ्या उपचारखर्चाचं करत होतं. खर्च मोजायला सोपा, बिलांत आयता मिळणारा, आणि जो जास्त आजारी त्याच्यावर जास्त खर्च हे तर्काला धरून. पण तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णावर खर्च कमी होत होता, कारण त्याला उपचार मिळण्यातच अडथळे होते. जे उपचार झालेच नाहीत त्यांचं बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे प्रतिमानाच्या दृष्टीने गरजही नाही. खर्चाचं भाकीत म्हणून बघाल तर ते अचूकच होतं. ही तफावत दूर केली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा हिशेब त्यांनी मांडला. नंतर ते अल्गोरिदम बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करून, खर्चाच्या जोडीला प्रकृतीचं माप भाकितात घेतलं, आणि तफावत ८४ टक्क्यांनी घटली. त्यासाठी नवं, जास्त हुशार प्रतिमान बनवावं लागलं नाही. बदललं ते फक्त ज्याचं भाकीत करायचं ते माप.